शालूची नदी आणि माझ्या बाटल्या

आम्ही मूळचे जळगावकडचे, म्हणजे माझे वडील जळगावकडचे, मी तर इथेच उज्जैनला जन्मले, त्यामुळे माझी मराठी अशी खिचडी आहे, तुम्हाला लिहिताना सुधारायची तर सुधारून घ्या, नाहीतर राहू द्या. वडील पाण्याच्या खात्यात बाबू होते. फ्रीगंजमध्ये दोन खोल्या, टावर चौकातून आत आलं की तिसरी गल्ली, मी अजून तिथेच राहते. आम्ही दोघी बहिणी. मी कुमुद, मोठी, आणि शालू माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. शालूचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सगळ्यांनीच ऐकलं आहे. तुम्ही माझ्याकडे आलात तेसुद्धा त्या नदीवाल्या मॅडमची बहीण म्हणूनच ना? हो म्हणा, मला राग नाही येत. येतो, पण आता सवय झाली.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा वडील गेले, ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या. खात्याने अनुकंपा म्हणून एकाला नोकरी दिली, आणि ते एक म्हणजे मीच, कारण आई चौथी शिकलेली आणि शालू शाळेत. पाणी तपासायची एक लहानशी लॅब होती, तिथे अटेंडंट. कॉलेज सुटलं. त्या दिवशी माझी केमिस्ट्रीची वही शालूने घेतली, म्हणाली ताई, मागची पानं कोरी आहेत, मी वापरू का? मी म्हटलं वापर. तिच्या मनात काही नव्हतं हो, लहान होती. पण मला ते अजून आठवतं, म्हणजे बघा माझा स्वभाव कसा आहे.

माझं काम काय, तर बाटल्या भरून आणायच्या. दर महिन्याला क्षिप्रेवर ठरलेल्या जागा, रामघाट, मंगळनाथ, आणि तिथून खाली, जिथे एका कारखान्याचा नाला नदीत मिळतो. कारखान्याचं नाव नको, तुम्ही लिहून घेऊन राहिल्या आहात. बाटली भरायचीसुद्धा एक कला असते. काचेची जाड बाटली, काचेचंच बूच, पाण्याच्या आत धरूनच भरायची, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहिला नाही पाहिजे. मग लगेच काठावरच दोन औषधं घालायची, बूच लावायचं, बाटली वरखाली करायची. पाण्यात हवा असेल, मासा जगेल असं पाणी असेल, तर आत तपकिरी गाळ धरतो, चहासारखा. हवा नसेल तर पांढरा. पांढरा आला की समजायचं, पाणी मेलं. साहेब लोक नंतर लॅबमध्ये आकडा काढायचे, पण मला काठावरच कळून जायचं. नाल्याच्या तोंडाशी माखन केवट मला त्याच्या नावेतून मध्ये घेऊन जायचा. त्याची बायको गोमती काठावर गेंदा, म्हणजे झेंडू लावायची, देवळांसाठी. तो नाव धरायचा, मी वाकायची, आणि तो विचारायचा, काई आयो बेन जी, काय आलं? मी बाटली उचलून दाखवायची. पहिली कितीतरी वर्षं तपकिरीच यायचं.

मग हळूहळू बदलत गेलं. आधी नदी चैतापर्यंत वाहायची, मग होळीपर्यंत, मग संक्रांत झाली नाही की नुसती डबकी. ऊन असं वाढत गेलं की एप्रिलात पाण्यात हात घातला तर कोमट लागायचं, आणि पाणी तापलं की त्यातली हवा टिकत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, बाटल्यांनीच शिकवलं. वरून येणारं स्वच्छ पाणी नाही, आणि नाला तर बारा महिने येतोच, मग नदीत उरतं काय? नाला. मेळा असला, पर्वणी असली की नर्मदेचं पाणी पंपांनी चढवून आणतात, घाट भरतात, लोक डुबकी मारतात, फोटो निघतात. ते पाणी घाटापुरतं. माखनच्या नावेपर्यंत पोचेस्तोवर ते नाल्यात मिसळून जायचं.

आता शालू. शालू हुशार, ते मी नाही म्हणत नाही. शिकली, शिकतच गेली, कॉलेजात केमिस्ट्रीची प्रोफेसर झाली. लग्न केलं, नवराही प्रोफेसर, नानाखेड्याला घर, पुढे बगिचा. माझं लग्न नाही झालं. म्हणजे मी केलं नाही असं सांगते सगळ्यांना, पण खरं म्हणजे जमलं नाही, आई होती माझ्याजवळ, आणि लॅब अटेंडंटला कोण बघायला येतं? शालू दर राखीला यायची, आईला साडी, मला साडी. माझी थोडी जास्त चांगली असायची. ते पण मला टोचायचं.

एकदा आली आणि बाटल्यांबद्दल विचारत बसली. मी सांगत गेले. नाल्याजवळ पांढरं येतं आहे हे सांगितलं. ती एकदम ताठ बसली. म्हणाली, ताई, तुमच्या लॅबमध्ये हे नोंद होतं ना? मी म्हटलं होतं, पण फाइल वर जाते आणि वरच राहते. मग ती म्हणाली, माझ्यासाठी एक जास्तीची बाटली भरशील? दर महिन्याला? मी भरायला लागले. खात्याच्या बाटल्या, खात्याची औषधं, पण बाटली शालूसाठी. स्कूटरच्या डिकीत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून नानाखेड्याला पोचवायची. तीन वर्षं. एक महिना चुकला नाही, आई गेली त्या महिन्यातसुद्धा नाही. खरं सांगू, मला ते काम आवडायचं. वाटायचं, आम्ही दोघी मिळून काहीतरी करून राहिलो आहोत.

आणि मग पेपरात फोटो आला. शालू गुडघाभर पाण्यात, पदर खोचलेला, हातात बाटली उन्हात धरलेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत, नदी की बेटी. त्या दिवशी पेपरवाले येणार म्हणून ती पहिल्यांदाच नदीवर आली होती. बाटली मी भरली होती. मी भरून तिच्या हातात दिली, आणि फोटोत एका कडेला माझा हात आला आहे, मनगटापर्यंत, बांगडी दिसते. बाकी मी कापली गेले. दूधवाला म्हणाला, अरे वा, आपकी बहन तो छा गई. शेजारच्या देशपांडे काकू पेढे मागायला आल्या. मी पेढे दिले. मग आत येऊन तो पेपर ओट्यावर ठेवला आणि त्या हाताकडे बघत राहिले. ती नदीची बेटी, मग मी कोण? मी नदीची मोलकरीण? बारावीत तिच्यापेक्षा मला जास्त मार्क होते, हे कोणाला माहीत आहे? आई होती तर तिला माहीत होतं. आता कोणालाच नाही.

तिथून माझ्यात ते शिरलं. काय सांगू तुम्हाला, असूया म्हणजे ताप नाही की गोळी घेतली आणि उतरला. ती भाषण द्यायला इंदूरला गेली, भोपाळला गेली, टीव्हीवर आली, दुनिया का तापमान, हमारी नदियाँ, असं सगळं बोलायची, आणि फार छान बोलायची, आणि प्रत्येक वाक्याला मला वाटायचं, हे मी सांगितलं होतं हिला. कोमट पाण्यात हवा टिकत नाही, हे मी सांगितलं होतं. ती म्हणायची, हमारी टीम ने पाया. टीम! टीम म्हणजे माझी स्कूटर.

मग शालूच्या तक्रारीवरून भोपाळची एक समिती आली, कारखान्याच्या नाल्याची सुनवाई. हॉल भरून गेला होता. एकीकडे नदीकाठचे लोक, एकीकडे कारखान्यातले मजूर, ते ओरडत होते, कारखाना बंद हुआ तो खाएँगे क्या? त्यांचं पण काय चुकीचं होतं? माखनचा जावईच त्या कारखान्यात होता, तो त्या बाजूला उभा. माखन आणि गोमती या बाजूला. मी मागे, सगळ्यांच्या मागे, हाफ डे टाकून आले होते. शालूने तीन वर्षांचे आकडे मांडले. काय सुंदर मांडले! मग कारखान्याचा वकील उठला, गोड बोलणारा माणूस. मॅडम, ये सैंपल आपने खुद लिए? शालू म्हणाली, हमारी टीम ने लिए. टीम मतलब कौन? शालूने मागे वळून पाहिलं, माझ्याकडे. आता ती मला वाचवत होती, हे मला नंतर कळलं. माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती, खात्याच्या बाटल्या बाहेर देत होते ना मी. पण तेव्हा मला वाटलं, बघा, भर सभेत विचारताहेत तरी हिच्या तोंडून माझं नाव निघत नाही.

अध्यक्ष म्हणाले, टीम का कोई हाज़िर है?

मी उठले. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, जी साहब, मैं हूँ टीम. सगळा हॉल वळला. मी सांगितलं, एकूण एक बाटली मी भरली, मॅडमनी एकही नाही भरली, त्या फक्त एकदा नदीत उतरल्या, फोटोच्या दिवशी. लोक हसले. वकिलाने फार आदराने विचारलं, बहन जी, सील लगाती थीं? नाही. बर्फ में रखती थीं? नाही, टॉवेलमध्ये. कोई गवाह, कोई पंचनामा? नाही. विभाग की अनुमति? नाही. मी एकेक उत्तर देत गेले, आणि खोटं काय सांगू, मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकायला इतके लोक चूप बसले होते. शेवटच्या नाहीनंतर मी शालूकडे पाहिलं. ती तिचे कागद गोळा करत होती, हळूहळू, एकेक, आणि तेव्हा मला कळलं मी काय केलं ते, पण तोवर अध्यक्षांनी लिहून घेतलं होतं की नमुने नियमाप्रमाणे नाहीत, म्हणून ग्राह्य नाहीत.

जिन्यात शालू भेटली. मला वाटलं ओरडेल. मी तयारच होते, माझ्याजवळही पुष्कळ होतं बोलायला, वीस वर्षांचं. ती म्हणाली, तू खोटं काय बोललीस ताई, सगळं खरंच बोललीस. आणि गेली. भांडायलासुद्धा नाही दिलं तिने मला! त्यातही मोठी तीच झाली.

मला खात्याची नोटीस आली, मग बदली, धरणावरच्या फिल्टर प्लांटवर, रोज बसचे धक्के. ते बरोबरच होतं, त्याचं मला काही नाही. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. राखीला कुरियरने साडी आली, मी घडीसकट ट्रंकेत टाकली.

मग एका उन्हाळ्यात, सकाळी दार वाजलं. माखन उभा. हातात स्टीलचा डबा. नदीवरून फ्रीगंजपर्यंत सायकलवर आला होता, म्हातारा माणूस. डब्यात पाणी, आणि त्यात एक मासा, पोट वर. म्हणाला, बेन जी, सगळे गेले, एका सकाळीत, काठावर पांढरी चादर पसरल्यासारखे पडले आहेत, गोमतीच्या हाताला फोड आले आहेत, गेंदा मुळाशी काळा पडला आहे. थोडी जाँच करी दो. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. आणि मग माझ्याने राहवलं नाही, मी म्हटलं, माखनदादा, त्या दिवशी सुनवाईत तुमची केस मीच बुडवली. तो म्हणाला, म्हके मालम हे. मला माहीत आहे. जावई घरी आला होता ना, तमारा नाम की मिठाई बंटी थी कारखाना में.

ऐका हं. माझ्या नावाची मिठाई. आयुष्यभर मला वाटत राहिलं की कोणी माझं नाव घ्यावं, आणि घेतलं तर असं घेतलं.

मी विचारलं, मग तुम्ही माझ्याकडेच का आलात? तो म्हणाला, पाणी की जाँच तो तम ई करो हो. त्याला शालू कोण, प्रोफेसर कोण, काही घेणं नव्हतं. नावेत वाकायची ती मी.

त्याच दिवशी दुपारी नानाखेड्याला गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. शालूने दार उघडलं. भिंतीवर शाली, सन्मानपत्रं, आणि तो फोटो, फ्रेम करून, मोठा. मी त्याकडे पाहिलं, तिने पाहिलं की मी पाहिलं. मी म्हटलं, पन्हं असेल तर दे, आणि ऐक, या वेळी नीट करू. मी माफी नाही मागितली. तिने पण नाही मागितली. तिने पन्ह्यात जास्त गूळ घातला, मला लागतो तसा.

नियम मला पाठ होते, कारण वकिलाने एकेक करून शिकवले होते. खात्यात रीतसर अर्ज केला की रजेच्या दिवशी कॉलेजच्या कामाला मदत करायची परवानगी द्या. साहेबांनी तीन वेळा परत केला, चौथ्यांदा कंटाळून सही दिली. दर महिन्याला बर्फाची पेटी, लाखेचं सील, दोन पंच, एक या बाजूचा आणि एक कारखान्यातला मजूर. कारखान्यातला कोण, तर माखनचा जावईच. पहिल्या दिवशी तो तोंड फिरवून उभा होता. मी बाटली वरखाली केली, पांढरं झालं, त्याला दाखवलं. तो म्हणाला, दूध जैसा क्यूँ है? मी म्हटलं, क्योंकि इसमें जान नहीं है. मग तो दर वेळी स्वतःच बाटली मागायचा बघायला. आणि प्रत्येक चिठ्ठीवर, नमुना लेने वाली, त्याखाली मी माझं पूर्ण नाव लिहायची, वडिलांच्या नावासकट, सावकाश. शालू नावेत बसायची, साडी ओली व्हायची, तिला उलटीसारखं व्हायचं त्या वासाने, तरी बसायची. एकदा तिने बाटली भरायचा प्रयत्न केला, बुडबुडा राहिला. पुन्हा केला, पुन्हा राहिला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दोन उन्हाळे लागले. दुसऱ्या सुनवाईत वकिलाला काही सापडलं नाही. हुकूम झाला, कारखान्याने पाणी साफ करायचं यंत्र लावावं. पेपरात आलं, नदी की बेटी की जीत. मग आमच्या नमुन्यांचा रिपोर्ट छापून आला, त्यावर नाव शालूचं, आत पहिल्या पानावर तिच्या दोन विद्यार्थ्यांची, आणि शेवटी, सहयोग म्हणून, नाववाला माखन, बर्फाची पेटी नेणारा कॉलेजचा ड्रायव्हर, आणि मी. शालू म्हणाली, ताई, छापणाऱ्यांचा नियम असतो, पदाप्रमाणे नावं लागतात, मी भांडले. भांडली असेल. मला माहीत आहे ती भांडली असेल. पण जळायचं ते जळतंच.

यंत्र लागलं, पण सगळं ठीक झालं असं लिहू नका. यंत्र चालवायला वीज लागते, आणि दंड विजेपेक्षा स्वस्त पडतो, मग समिती येणार असली की यंत्र चालतं आणि समिती गेली की झोपतं. हे माखनच्या जावयानेच मला सांगितलं, आणि तेही वर लिहून पाठवलं आहे, त्याच्याच सहीने, नोकरी जाईल याची पर्वा न करता. गोमतीच्या हातावरचे फोड बरे झाले, गेंदा अर्धा येतो. पावसाळ्यात मासे दिसतात, उन्हाळ्यात नाही. घाटावर मेळ्याची तयारी जोरात आहे, दगड नवे, दिवे नवे. पैसा घाटापाशी येऊन थांबतो, खाली उतरत नाही. नेते येतात, आचमन करतात, म्हणजे हाताला लावतात आणि सोडून देतात. मी बघते ना, ओठाला कोणी लावत नाही.

मी रिटायर झाले. गुडघे गेले, नावेत चढवत नाही. गेल्या महिन्यात शालू परदेशात गेली, हवामानाची मोठी परिषद होती, सगळ्या देशांचे लोक आलेले. जायच्या आधी म्हणाली तू पण चल, माझ्या खर्चाने. मी म्हटलं माझ्याजवळ पासपोर्ट कुठे आहे, आणि इंग्रजीत मी काय बोलू? खरं म्हणजे तिच्या खर्चाने जायचं नव्हतं. तिथून फोन आला, मी दुपारच्या भाजीची गिलकी चिरत होते. ताई, म्हणाली, आवाज असा, रडल्यासारखा, आज मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. सांगितलं की माझं सगळं काम जिच्या हातावर उभं आहे ती माझी मोठी बहीण, कुमुद, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या ताई, तुझ्यासाठी. मी म्हटलं चांगलं केलंस, थंडी आहे का गं तिथे, कान बांधून घे. आणि फोन ठेवला.

रडले मी. खूप रडले. आणि मग, तुमच्यापाशी काय लपवायचं, त्या रडण्यातच जळलेसुद्धा. की बघा, माझं नावसुद्धा जगाला तिच्याच तोंडून कळलं, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा समोर उभी कोण होती, तर शालू. आता या वयात हे काही माझ्यातून निघायचं नाही, असं मी धरून चालले आहे. देवाने काहींना मधुमेह दिला, मला हे दिलं.

उद्या येऊन राहिली आहे ती. स्टेशनवर घ्यायला मीच जाणार, तिच्या नवऱ्याला सांगून ठेवलं आहे, तुम्ही घरी थांबा. औक्षवंत होवो, माझ्याही वाट्याचं तिला मिळो, मनापासून म्हणते. पण मी जळले हे तिला सांगू नका हं. तिला ठाऊक आहे, तरी सांगू नका.